सवाष्णीचं पांढरं

आमच्या घरात एक गणपती होता, त्याला आई 'पाहुण्यांचा गणपती' म्हणायची. चांगला हातभर उंच, पितळेचा, पप्पांनी कॅलगरीच्या एका दुकानातून गाडीत घालून आणलेला. कॅनडात सस्काटूनच्या आमच्या घरात दारातून आत पाऊल टाकलं की पहिल्यांदा तोच दिसायचा. आई त्याची धूळ पुसायची, चिंचेनं घासून तो लख्ख ठेवायची, पण त्याच्यापुढे तिनं हात जोडलेले मी कधी पाहिले नाहीत. आमचं खरं जे काही होतं ते खाली बेसमेंटमध्ये, घर तापवणाऱ्या फर्नेसच्या खोलीत, लाँड्रीच्या कपाटात आतल्या बाजूला टांगलेलं होतं: निळ्या कोटातला, चष्मा लावलेला तो फोटो, जो परभणीत आजीच्या घरी दर्शनी भिंतीवर होता आणि आमच्याकडे साबणाच्या डब्यांमागे. त्याच्याखाली मुठीएवढी बुद्धाची मूर्ती. पौर्णिमेला आई कपडे धुवायचं निमित्त करून खाली उतरायची, कपाट उघडायची, मेणबत्ती लावायची आणि हळू आवाजात त्रिशरण-पंचशील म्हणायची. ड्रायर शेजारी रिकामाच घुमत असायचा. तो लावायला पप्पांनीच सांगितलं होतं, म्हणजे कोणी अवचित दारात आलंच तर वर आवाज जाऊ नये. लहानपणी मला वाटायचं की प्रार्थना अशीच असते, तिच्यात पाठीमागून ड्रायरचा आवाज यावाच लागतो. आज हे लिहिताना हसू येत नाही.

आम्ही मूळचे कांबळे. पप्पांनी इकडे यायच्या आधीच रीतसर आडनाव बदलून 'सेलूकर' करून घेतलं होतं. सेलू हे त्यांचं गाव, त्यामुळे खोटं कुठंच नव्हतं, असं ते म्हणायचे. सस्काटूनमध्ये तेव्हा मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी होती आणि त्या सगळ्या घरांचं एक मंडळ होतं. मंडळ म्हणजे डॉक्टरकाका आणि सुनंदाकाकू. काका कैक वर्षांपूर्वी इकडे आलेले सर्जन, आता निवृत्त. त्यांच्या बेसमेंटमध्ये दिवाळी, त्यांच्याच बॅकयार्डात कोजागिरी. आम्ही पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा काकूंनी आईच्या हातात मसाले दुधाचा ग्लास दिला आणि विचारलं, "सेलूकर म्हणजे देशस्थ ना तुम्ही?" आईनं पप्पांकडे पाहिलं. पप्पा हसले आणि म्हणाले, "मराठवाड्यातले आम्ही." तेवढ्यावर काकूंनी आम्हाला देशस्थ करून टाकलं. पप्पा खोटं बोलले नाहीत. ते नुसते हसले, आणि त्या हसण्यावर आमची पुढची सगळी वर्षं निघाली.

त्या हसण्यापायी घरी फार राबावं लागायचं. आमच्याकडे 'ण'ची शिकवणी असायची. आई परभणीची, ती 'पानी' म्हणायची, 'आनी' म्हणायची, 'कामून' म्हणायची. शनिवारी मंडळाचा कार्यक्रम असला की शुक्रवारपासून पप्पा तिच्या मागे लागायचे. "आणि. आनी नाही, आणि. जीभ वर टाळूला लाव." आई पोळ्या लाटता लाटता "आणि, आणि, आणि" म्हणत राहायची. मी इंग्लिशमध्येच उत्तरं द्यायचे म्हणून माझी सुटका होती, माझा 'ण' कोणी तपासत नव्हतं. फोनवर स्वतःच्या भावाशी बोलताना मात्र पप्पांच्या तोंडून भडाभडा 'लई' आणि 'काहून' बाहेर पडायचं, आणि फोन ठेवला की माणूस पुन्हा पुण्याचा. मला त्यांचा हा पुण्याचा माणूस कधीच आवडला नाही. तो आमच्या घरात भाडेकरू म्हणून आला आणि मालक होऊन बसला.

जेवणाचंही तसंच. मंडळातलं कोणी येणार असेल तर आमटीत गूळ पडायचा आणि काळा मसाला वरच्या फळीवर जायचा. आईला सुकट आवडायची. कांदा-लसूण घालून खरपूस परतलेली सुकट आणि ज्वारीची भाकरी, एवढं असलं की तिला दुसरं काही लागत नसे. पण सुकटीचा वास कार्पेटमध्ये बसतो, आणि काकूंचं नाक तिखट. म्हणून पप्पांनी गॅरेजमध्ये इलेक्ट्रिकची एक शेगडी मांडून दिली होती. बाहेर उणे तीस, गॅरेजमध्ये त्याहून थोडं बरं, आणि माझी आई जाड पार्का कोट घालून, टोपी कानावर ओढून, विंटर टायर्सच्या चळतीशेजारी उभी राहून सुकट परतायची. तोंडातून वाफ, कढईतून वाफ. मध्ये एकदा शेजारच्या बाईनं विचारलं की तू गाडी दुरुस्त करतेस का. आईनं हो म्हणून सांगितलं. घरात येऊन ती इतकी हसली की डोळे पुसावे लागले, आणि मीही हसले. त्या हसण्यातला अपमान मला कळायला बराच काळ जावा लागला, आणि कळला तेव्हा तो गिळता आला नाही.

डॉक्टरकाकांच्या घरी आई कधीही वॉशरूमला जायची नाही. कार्यक्रम कितीही लांबो, ती गुडघे जुळवून बसून राहायची आणि घरी आल्यावर बूटही न काढता धावायची. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, "जाऊन बघ तू." मी पुढच्या वेळी जाऊन पाहिलं. बेसिनशेजारी, सुवासिक मेणबत्ती आणि हात पुसायच्या टॉवेलांच्या मधोमध, नुसतं बुद्धाचं डोकं ठेवलेलं होतं. मानेपासून कापलेलं, डोळे मिटलेलं, कमोडकडे तोंड करून. काकू पाहुण्यांना सांगायच्या, "इतकं पीसफुल वाटतं ना?" याच काकू जेवताना म्हणायच्या, "हल्ली तिकडं डॉक्टर कसे होतात ते माहिती आहे ना, कोट्यातून. माझं ऑपरेशन असल्या माणसाकडून करून घ्यायची हिंमत नाही बाई." पप्पा मान डोलवायचे. कोट्यातून इंजिनिअर झालेले माझे पप्पा, पोटॅशच्या खाणीत ज्यांच्या सहीशिवाय एक यंत्र हलत नसे, ते ताटात मान घालून डोलवायचे.

तर भूतानची टूर काढली ती या काकूंनी. डिसेंबरच्या सुट्टीत सगळे भारतात जाणारच होते, दिल्लीला एकत्र जमायचं आणि मधले काही दिवस भूतान. "हिमालय, बुद्धिझम, शांतता," असं त्यांनी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं आणि पुढे हात जोडल्याची चित्रं टाकली. पप्पांनी तिथल्या तिथं होकार दिला. आईनंही होकार दिला, पण तिचं कारण वेगळं होतं. तिनं परभणीला आजीला, म्हणजे स्वतःच्या आईला, फोन केला. पुनाखा नावाच्या गावात दोन नद्यांच्या मध्ये एक जुना झोंग आहे, झोंग म्हणजे अर्धा किल्ला आणि अर्धा विहार, आणि हिवाळ्यात तिथं शेकडो भिक्खू मुक्कामाला असतात, हे तिनं आजीला आईनं लहान मुलीला सांगावं तसं समजावून सांगितलं. आजी जन्मभर वॉर्डातल्या विहारात, पत्र्याच्या छपराखाली बसून वंदना म्हणत आलेली. ती म्हणाली, "तिथं बसून एकदा पंचशील म्हन माय. मला फोनवर ऐकव. म्या बी तुझ्यासंग म्हनते." आणि आम्ही दिल्लीच्या आधी परभणीला गेलो तेव्हा तिनं आईसाठी एक साडी काढून ठेवली होती. पांढरी, सुती, काठ नावालाच. आमच्यात विहारात जाताना, वंदनेला बसताना पांढरं नेसतात. बाई कुमारिका असो, लग्नाची असो की नवरा गेलेली असो, सगळ्यांना एकच रंग. आजीच्या गल्लीतल्या पौर्णिमेला पांढऱ्या साड्यांची अशी रांग निघायची की रस्ता उजळायचा. मला त्या गल्लीत जन्मभर राहायला आवडलं असतं असं मी म्हणणार नाही, पण तिथं कोणी कोणाला बेसमेंटमध्ये ठेवलेलं नव्हतं.

साडी पाहून पप्पा म्हणाले, "हे तिकडे नको. ग्रुपसमोर नको." आईनं ती साडी थर्मल्सच्या आत गुंडाळून बॅगेच्या तळाशी घातली.

पुनाखाला निघालो त्या सकाळी आई हॉटेलच्या खोलीतून पार्का घालून बाहेर आली. सस्काटूनचा जाड, गुडघ्यापर्यंतचा पार्का, गळ्यापर्यंत चेन. वाटेतल्या खिंडीत थंडी असणार होती म्हणून कोणी काही बोललं नाही. बसमध्ये आईनं परभणीहून आणलेल्या चिवड्याचा डबा फिरवला. काकूंनी दोनदा मूठ भरली आणि म्हणाल्या, "सुमन, तुझ्या हाताला चव आहे बाई." आमचा गाईड दोरजी म्हणून एक हसरा माणूस होता, तो आमच्याशी हिंदीत बोलायचा. दोन नद्या, एक नर आणि एक मादी, त्या जिथं मिळतात तिथं झोंग बांधलाय, असं तो सांगत होता. डॉक्टरकाकांनी विचारलं की बुद्ध म्हणजे आपल्या विष्णूचाच अवतार, हे इथं मानतात का. दोरजी नम्रपणे हसला. आई खिडकीबाहेर बघत होती. पार्काच्या बाहीतून तिची मूठ दिसत होती, वळलेली.

मग झोंग दिसला. मी इतकं काही पाहिलं आहे त्यानंतर, पण तसं काही नाही. पांढऱ्या उंच भिंती, वर लाल-सोनेरी छपरं, आणि पायाला हिरवंगार पाणी. आमच्या सस्काटूनची नदी त्या वेळी बर्फाखाली गप्प पडलेली असणार, आणि ही खळखळत, उन्हात चमकत वाहत होती. नदीवर लाकडी, छप्पर असलेला पूल होता. पलीकडे गेटपाशी दोरजीनं पिशवीतून एक लांबलचक पांढरं कापड काढलं आणि डाव्या खांद्यावरून उपरण्यासारखं घेतलं. भूतानच्या माणसांना त्याशिवाय झोंगमध्ये जाता येत नाही, म्हणाला. पुलावर आई थांबली. ऊन चांगलं तापलं होतं. तिनं चेन खाली ओढली, पार्का काढला आणि हातावर घेतला.

काकू मागून येत होत्या. "अगंबाई, सुमन," त्या जागीच थांबल्या. "हे काय नेसलीस?"

"साडी," आई म्हणाली.

"ते दिसतंय गं. पण पांढरी? चांगली सवाष्ण बाई तू. अंगभर पांढरं नेसून देवाला निघालीस, बघवत नाही बाई."

"विहारात जाताना आम्ही पांढरंच नेसतो," आई म्हणाली. शांतपणे म्हणाली. ती तयारीनं आली होती, हे मला तेव्हा कळलं.

"आम्ही म्हणजे?" काकूंनी विचारलं.

खाली पाण्याचा आवाज येत होता. आईनं तोंड उघडलं. आणि तिच्या आधी पप्पा बोलले. दोन पावलं पुढे येऊन, आवाज खाली आणून, अस्सल पुणेरी दुःखानं ते म्हणाले, "काकू, तिची आई गेली. हल्लीच. तिनं फार मनाला लावून घेतलंय, म्हणून हे पांढरं. आम्ही कोणाला बोललो नाही."

आजी आदल्या संध्याकाळी फोनवर होती. इथले लोक मिरचीचीच भाजी करून खातात हे ऐकून ती खो खो हसली होती. पप्पा तेव्हा त्याच खोलीत बूट काढत बसले होते.

मी इंग्लिशमध्ये ओरडायला तोंड उघडलं तोच पप्पांनी माझं मनगट धरलं. "नॉट नाऊ," ते दात आवळून म्हणाले. आईनं माझ्याकडे पाहून मान किंचित हलवली, थांब म्हणून. तोवर काकूंनी तिला मिठी मारली होती. "अगं, बोलली नाहीस. एकटीनं किती गं सोसलंस. आण तो कोट, मी धरते. पर्सही दे." काकूंच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं, आणि त्याचाच मला जास्त संताप येतो. त्या देशस्थ सुमनसाठी रडत होत्या. आई लाकडासारखी उभी होती, हात दोन्ही बाजूंना सोडलेले.

दोरजी मागे वळून आला. आईकडे पाहून त्याचा चेहरा फुलला. स्वतःच्या खांद्यावरचं कापड दाखवत तो म्हणाला, "मॅडम को मालूम था? बहुत अच्छा. हमारा आम आदमी का यही कलर है, सफेद." काकूंनी त्याला हळूच समजावलं, "नहीं भैया, उनकी माताजी गुजर गई हैं." दोरजीचं हसू मावळलं. त्यानं आईपुढे मान झुकवली आणि म्हणाला की मग आधी माताजींच्या नावानं दिवा लावू, तिथं आत त्यासाठी खोली आहे. पप्पा म्हणाले, "हां हां, जरूर." हे 'जरूर' मी त्यांना कधी माफ केलं नाही. पुलावर माणूस घाबरला, त्याच्या तोंडून भलतंच निघून गेलं, इथवर मी येऊ शकते. पण पुढे 'जरूर' म्हणायची गरज नव्हती.

उभ्या लाकडी जिन्यानं वर चढून आम्ही पहिल्या चौकात आलो. मधोमध मोठा बोधिवृक्ष होता, त्याच्या पानांची सळसळ चालली होती, लाल चीवरातले भिक्खू घोळक्याघोळक्यानं इकडून तिकडे जात होते. आतून ढोलाचा आवाज येत होता, पोटात घुमणारा. हे सगळं आई कशी बघणार होती, कुठं बसणार होती, ते तिनं किती महिने मनात मांडलं असेल. आता तिला एका बाजूच्या खोलीकडे नेलं जात होतं, जिथं तुपाचे दिवे ओळीनं जळत होते. दोरजीनं तिच्या हातात पेटती लांब काडी दिली आणि अदबीनं विचारलं, "माताजी का नाम, मॅडम?"

पप्पा तिच्याकडे बघत होते. एकदा नाव सांग, दिवा लाव, संपेल सगळं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. आणि तेवढ्यात काकूंच्या काखेतली आईची पर्स वाजायला लागली. काकूंनी घाईघाईनं फोन काढला, बंद करायला म्हणून, आणि पडद्याकडे बघत राहिल्या. फोन वाजतच होता.

"सुमन," त्या म्हणाल्या, "हे 'आई' म्हणून कोण आहे?"

आई वळली. पेटती काडी तिनं पप्पांच्या हातात दिली. "धरा," ती म्हणाली. "तुम्ही लावा. कोणाच्या नावानं लावायचा ते तुमचं तुम्ही ठरवा." मग तिनं काकूंच्या हातातून फोन आणि पार्का घेतला, चौकात झाडाखाली गेली आणि व्हिडिओ सुरू केला. आजीला कमी ऐकू यायचं म्हणून आवाज नेहमीच मोठा ठेवलेला असे.

"पोचलीस का गं माय? कवाची वाट बघायलो आम्ही. सगळ्या बाया बसल्यात इथं."

पडद्यावर आजीचा चेहरा होता आणि तिच्या मागे, पत्र्याच्या छपराखाली, पांढऱ्या साड्यांच्या रांगा. गल्लीतली एकेक बाई मान उंच करून फोनमध्ये डोकावत होती.

"जयभीम, आई," माझी आई म्हणाली. मोठ्यानं. मी जन्मल्यापासून परभणीबाहेर तिच्या तोंडून हे दोन शब्द पूर्ण आवाजात ऐकले नव्हते. चौकाच्या भिंतींना ते आपटून परत आले.

"जयभीम, जयभीम. ती कोन हाय बाजूला?"

"या सुनंदाकाकू. आमच्या गावच्या." आईनं फोन काकूंकडे वळवला. "काकू, ही माझी आई."

"नमस्कार," काकू म्हणाल्या. "तब्येत... बरी आहे ना तुमची?"

"मला काय धाड भरलीय," आजी म्हणाली. "जयभीम, ताई."

काकूंनी नुसते हात जोडले. मी त्यांचा चेहरा बघत होते. एका क्षणात त्यांनी हिशेब मांडला: पांढरी साडी, जयभीम, सेलूकर, बसमधला चिवडा. सगळं मागे जाऊन त्यांनी पुन्हा पाहिलं आणि त्यांची मान ताठ झाली. डॉक्टरकाका मात्र मोठ्या मनाचे. ते पप्पांपाशी गेले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सेलूकर, अहो एवढंच ना? आधी सांगायचं होतं. आम्ही असलं काही मानत नाही." पप्पांच्या हातात काडी अजून पेटलेली होती. ती बोटांपर्यंत आली तेव्हा त्यांनी फुंकर मारून विझवली.

आई बोधिवृक्षाखाली दगडी फरसबंदीवर मांडी घालून बसली, फोन पार्काला टेकवून समोर ठेवला आणि सुरुवात केली. नमो तस्स भगवतो. तिकडून सगळी गल्ली तिच्यासोबत म्हणत होती, नेटमुळे अर्धा शब्द मागे राहत. बुद्धं सरणं गच्छामि. मी तिच्या शेजारी बसले. मला अर्धंमुर्धंच येत होतं, बेसमेंटच्या जिन्यावर बसून ऐकलेलं, पण जेवढं येत होतं तेवढं म्हटलं. त्या दिवशी मागे ड्रायर नव्हता. आईचा 'ण' कुठं लागत होता आणि कुठं नाही, हे कोणीही बघत नव्हतं, आणि ती एकदाही चुकली नाही.

परतीच्या वाटेवर नदीकाठी दुकानं होती, बाकीची मंडळी तिकडे गेली. आम्ही तिघं पुलाच्या कडेला उभे होतो. पप्पा पाण्याकडे बघत म्हणाले, "वाटोळं केलंस. तिथं परक्या गावात आपल्याला चार माणसं लागत नाहीत का?"

"माणसं लागतात म्हणून माझी आई मारलीत?" आई म्हणाली.

"कॉलेजच्या मेसमध्ये माझं ताट वेगळं ठेवायचे, सुमन. कडेला ओरखडा मारून. तुला नाही कळणार."

"मला नाही कळणार?" आई म्हणाली. "गॅरेजमध्ये कोण उभं राहतं मग?"

ते ताट मला माहीत आहे. त्यांच्या भावानं मला नंतर सगळं सांगितलं, पप्पांनी कधी सांगितलं नाही तेही. ते ऐकून मी रडले, आणि ज्यांनी ओरखडा मारला त्यांच्यावरचा माझा राग आजही कमी नाही. पण ते ताट पप्पांनी सात समुद्र ओलांडून घरी आणलं आणि माझ्या आईपुढे मांडलं. ते कारण मला समजतं, पण माफी माझ्याकडून झाली नाही. लोक मला म्हणतात, आता तू मोठी झालीस, गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये. माझे पप्पा जिवंत माणसाला मेलेलं म्हणाले होते. मेलेल्या माणसाबद्दल खरं बोलायला मी का घाबरू?

बसमध्ये आईनं पुन्हा चिवड्याचा डबा उघडला आणि पुढे दिला. मुद्दाम दिला. डबा सीटमागून सीट फिरला आणि होता तेवढाच परत आला. पोट भरलं होतं म्हणे सगळ्यांचं. एकट्या दोरजीनं मागून हात पुढे केला आणि बकाणा भरला. आईनं उरलेला डबा त्यालाच देऊन टाकला.

सस्काटूनला परत आलो त्या दिवशी आई बूट काढून थेट बेसमेंटमध्ये गेली आणि फोटो वर घेऊन आली. लिव्हिंग रूममध्ये गणपतीच्या शेजारी तिनं खिळा ठोकला. संध्याकाळी पप्पांनी फोटो उतरवून खाली नेला. सकाळी तो पुन्हा वर होता. असं बरेच दिवस चाललं, दोघंही त्याबद्दल अवाक्षर न काढता, आणि मग पप्पांनी उतरवणं सोडून दिलं. मंडळाचा ग्रुप एकदम शांत झाला. कोजागिरी उलटून गेल्यावर कळलं की नवा ग्रुप निघालाय आणि आम्हाला घालायचं 'राहून गेलं'. ग्रोसरीत काकू भेटायच्या, हसायच्या, "एकदा यायचं हं" म्हणायच्या. आई म्हणायची, "तुम्ही या. आमच्याकडं वॉशरूममध्ये फक्त साबण असतो." काकूंना ते कधीच कळलं नाही. पाहुणे येईनासे झाले, गणपती मात्र तसाच राहिला, आणि आई त्याला घासायची तशीच घासत राहिली. त्या बिचाऱ्याचा काय दोष, म्हणायची.

आणि सुकट घरात शिजायला लागली. भर थंडीत, खिडक्या बंद, सगळ्या घरभर वास. कार्पेटमध्ये बसला, पडद्यांत बसला, माझ्या शाळेच्या कोटातही बसला. आजही कुठं तो वास आला की मला तीच वर्षं आठवतात, आणि भूक लागते.

आजी खरोखर गेली ती त्यानंतर काही वर्षांनी. एका शनिवारी सकाळी परभणीहून मामीचा फोन आला, तो पप्पांनी उचलला. मी किचनच्या टेबलाशी चहा पीत होते. आई स्टोव्हपुढे उभी राहून सुकट परतत होती, पाठ आमच्याकडे. पप्पा दारात येऊन उभे राहिले. फोन हातात तसाच होता आणि चेहरा पांढराफटक.

"सुमन," ते म्हणाले. "तुझी आई..."

पुढचा शब्द त्यांच्या तोंडातून निघेना. आईनं स्टोव्ह बंद केला, हात पुसले आणि वळून त्यांच्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. ती पुढे झाली नाही, आणि त्यांना सोडवायलाही आली नाही.

"बोला की," ती म्हणाली. "तुम्हाला तर पाठ आहे."